हेलिकॉप्टरवरचा मोर

जळगावच्या एका शाळेत विज्ञान मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. वर्गाच्या भिंतीवर हवाई दलाच्या 'सारंग' पथकाचे एक रंगीत चित्र लावलेले होते. चार ध्रुव हेलिकॉप्टरे, लालभडक अंगाची, आणि प्रत्येकावर नाकापासून शेपटीपर्यंत पसरलेला मोर. कार्यक्रम संपल्यावर नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, लष्कराची विमानं शत्रूला दिसू नयेत म्हणून मातीच्या नाहीतर आभाळाच्या रंगाची करतात ना? मग यांच्यावर एवढा मोठा मोर कशाला?" मी सांगितले, की हे पथक कसरती दाखवण्यासाठी आहे, ते लोकांना दिसावे हाच त्याचा हेतू आहे. मुलीचे समाधान झाले, पण तिच्या बाईंचे झाले नाही. "अहो, पण उत्तराखंडच्या महापुरात आणि केरळच्या पुरातही हीच हेलिकॉप्टरं गेली होती म्हणतात. तेव्हा मोर पुसून गेली का?"

नाही, मोर घेऊनच गेली. बाईंच्या प्रश्नामुळे एका वेगळ्याच इतिहासाकडे लक्ष गेले. माणसांना वाचवणाऱ्या लष्करी हेलिकॉप्टरांवर कोणी, कधी आणि का चित्रे काढली? आणि शंभर वर्षांनी कोणी इतिहास लिहायला बसले, तर या चित्रांवर किती विश्वास ठेवायचा?

बिल्ला आणि झूल

या प्रश्नाची सुरुवात खानदेशातूनच करता येते. श्रावणी अमावास्येला पोळ्याच्या दिवशी आपल्याकडे बैलाला न्हाऊ घालतात, शिंगे रंगवतात, त्यांवर बेगड चिकटवतात, अंगावर गेरूने हाताचे ठसे उठवतात, पाठीवर झूल घालतात. त्याच बैलाच्या कानात पशुसंवर्धन खात्याने टोचलेला बारा आकड्यांचा पिवळा बिल्लाही असतो. दोन्ही खुणा एकाच बैलावर असतात, पण त्यांचे काम वेगळे. बिल्ला सांगतो की हे जनावर नोंदीत कितवे आहे. झूल सांगते की हा आमचा बैल आहे, वर्षभर राबला आहे, आणि आम्हाला त्याची आठवण आहे.

धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना भेटतात. तिथल्या एखाद्या ढाब्यावर तासभर बसले तर हाच प्रकार चाकांवर दिसतो. नंबरप्लेट सरकारच्या नियमाप्रमाणे, बाकी सगळे मालकाच्या आणि ड्रायव्हरच्या मनाप्रमाणे: कमळे, गरुड, मुलांची नावे, मागे लोंबणारा काळा जोडा. 'हॉर्न ओके प्लीज' ही अक्षरे लिहा असे कोणत्याही कायद्याने सांगितले नव्हते. तरी ती इतकी पसरली, की २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याला ती लिहू नका असा हुकूम काढावा लागला. लोक विनाकारण हॉर्न वाजवतात, हे कारण. ज्या खुणेला कोणाची मंजुरी नव्हती, तिच्यावर बंदी घालायला मात्र मंजुरी लागली!

यावरून एक साधा नियम ध्यानात ठेवू. यंत्रावरची अधिकृत खूण बाहेरच्यांसाठी असते. अनधिकृत खूण मुख्यतः आतल्यांसाठी, त्या यंत्रावर ज्यांचा जीव अवलंबून असतो त्यांच्यासाठी असते.

कवटी आणि पहिली सुटका

विमानांवर चित्रे काढायची प्रथा पहिल्या महायुद्धापासूनची आहे. इटलीचा वैमानिक फ्रान्सेस्को बाराका याच्या विमानावर उसळलेला काळा घोडा असे. तोच पुढे फेरारी मोटारींचे चिन्ह झाला. दुसऱ्या महायुद्धात या प्रथेला पूर आला. वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओने त्या काळात बाराशेहून अधिक तुकड्यांना फुकट चिन्हे काढून दिली.

यातले बरेच काही आपल्या देशातही घडले. १९४३-४४ साली आसामच्या धावपट्ट्यांवरून अमेरिकेची 'बर्मा बॅन्शीज' नावाची तुकडी उडत होती. तिच्या पी-४० विमानांच्या नाकाडावर पांढरी कवटी रंगवलेली असे. त्याच आसामात, कछार भागातल्या लालाघाटच्या धावपट्टीवर, त्याच सुमारास सिकॉर्स्की कंपनीची काही विचित्र यंत्रे येऊन दाखल झाली. त्यांना पंख नव्हते, डोक्यावर तीन पात्यांचा भोवरा होता. इंजिन १८० अश्वशक्तीचे, आणि चालकाखेरीज जेमतेम एका माणसाला जागा.

एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशात जपानी फळीच्या मागे एक छोटे विमान कोसळले. त्याचा वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक जंगलात अडकले. लालाघाटहून टप्प्याटप्प्याने उडत लेफ्टनंट कार्टर हारमन आपले हेलिकॉप्टर घेऊन तिथवर पोचला आणि २५ व २६ एप्रिल या दोन दिवसांत त्याने चौघांना एकेक करून बाहेर काढले. दोन दिवस लागले, कारण उष्ण आणि दमट हवेत इंजिन तापे आणि थांबावे लागे. हवा तापली की विरळ होते, पात्यांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचीही ताकद घटते. मे महिन्यात भुसावळला राहणाऱ्याला तापलेल्या हवेबद्दल अधिक सांगायला नको. लष्करी हेलिकॉप्टरने प्रत्यक्ष युद्धात केलेली ही पहिली सुटका समजली जाते.

म्हणजे एका बाजूला मारायला निघालेल्या विमानावरची कवटी आणि दुसऱ्या बाजूला वाचवायला निघालेले हेलिकॉप्टर, ही दोन्ही एकाच प्रदेशात एकाच काळी उडत होती. चित्रकला आणि बचाव यांची गाठ मात्र पुढे पडली.

रेडक्रॉस का नाही?

कोरियाच्या युद्धात (१९५०-५३) जखमींना हेलिकॉप्टरने इस्पितळात नेणे नित्याचे झाले. व्हिएतनामच्या युद्धात या कामाच्या दोन वेगळ्या शाखा दिसतात, आणि त्यांच्या खुणांतला फरक फार बोलका आहे.

अमेरिकी भूदलाची जखमींना नेणारी हेलिकॉप्टरे 'डस्टऑफ' या नावाने ओळखली जात. त्यांच्यावर पांढऱ्या चौकोनात रेडक्रॉस असे. ही शोभेची खूण नव्हे. १८६४ च्या जिनिव्हा करारापासून तिला कायद्याचे पाठबळ आहे. ही खूण मिरवणाऱ्यावर हल्ला करू नये, आणि त्यानेही तिच्या आडून लढू नये, असा दुतर्फा करार तिच्यामागे असतो. प्रत्यक्षात त्या हेलिकॉप्टरांवर गोळीबार झालाच, तो भाग वेगळा.

दुसरी शाखा अमेरिकी हवाई दलाची. शत्रूच्या मुलखात पडलेल्या वैमानिकांना उचलून आणणे हे तिचे काम. तिची हेलिकॉप्टरे हत्यारबंद होती, मशिनगन लावूनच उडत. साहजिकच रेडक्रॉस लावण्याचा त्यांना हक्क नव्हता. रंगही जंगलात मिसळणारा, हिरवा-तपकिरी. आकार मात्र अवाढव्य. त्या काळी अमेरिकेत डबाबंद वाटाणे-मका विकणाऱ्या एका कंपनीच्या जाहिरातीत हसरा हिरवा राक्षस असे. त्यावरून या हेलिकॉप्टरांना 'जॉली ग्रीन जायंट' हे नाव पडले आणि रेडिओवरची हाकही 'जॉली ग्रीन' अशीच झाली. मग आली हिरवी पावले. हे हेलिकॉप्टर भाताच्या खाचरात किंवा उंच गवतात उतरून उडाले, की मागे उरलेले ठसे राक्षसाच्या पावलांसारखे दिसत, असे सांगतात. ही दोन हिरवी पावले बचाव तुकड्यांची खूण बनली: बिल्ल्यांवर, भिंतींवर, आणि सुटका करणाऱ्या जवानांच्या अंगावर गोंदणातसुद्धा.

इथे इतिहासाच्या अभ्यासकाने थोडे थांबावे. 'जॉली ग्रीन' ही हाक रेडिओवर वापरली जात होती, हे नोंदींवरून सिद्ध होते. पावलांच्या उगमाची गोष्ट ही तुकडीत सांगितली जाणारी गोष्ट आहे. ती खरी असेल, किंवा नावावरून नंतर सुचलेली असेल. पहिल्या विधानाला आपण पुरावा म्हणतो, दुसऱ्याला आख्यायिका. तरीही आख्यायिका टाकाऊ नसते. शत्रूच्या मुलखात एकटा पडलेला वैमानिक ज्याची वाट पाहतो आहे, त्या यंत्राला आतल्या माणसांनी वाघ किंवा कवटी न करता एका हसऱ्या राक्षसाचे रूप दिले. आपण स्वतःला काय समजतो, हे त्यांनी त्यातून सांगितले. अशी गोष्ट सरकारी अहवालात सापडत नाही.

सहासष्ट नंबरची गोष्ट

बचावाच्या कामातली सर्वांत प्रसिद्ध चित्रखूण मात्र समुद्रावरची आहे, आणि शिक्षकांना ती वर्गात फार उपयोगी पडेल.

अमेरिकी नौदलाकडे 'सी किंग' जातीचे एक हेलिकॉप्टर होते. मूळ काम पाणबुड्या शोधण्याचे. तुकडीतला त्याचा क्रमांक ६६. चंद्रमोहिमांचे अंतराळवीर पॅसिफिक महासागरात उतरले की त्यांना पाण्यातून उचलून जहाजावर नेण्याचे काम त्याच्याकडे आले. २७ डिसेंबर १९६८ रोजी त्याने अपोलो-८ चे तिघे उचलले. मे १९६९ मध्ये अपोलो-१० चे, २४ जुलै १९६९ रोजी चंद्रावर पहिले पाऊल ठेवून आलेले अपोलो-११ चे, नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो-१२ चे आणि १७ एप्रिल १९७० रोजी मरणाच्या दारातून परतलेले अपोलो-१३ चे. पाच मोहिमा, पंधरा खेपा माणसांच्या.

लढाऊ वैमानिकांची एक जुनी पद्धत आहे. शत्रूचे एक विमान पाडले की आपल्या विमानाच्या अंगावर त्या देशाचा एक छोटा झेंडा रंगवायचा. ६६ नंबरवरच्या माणसांनी हीच पद्धत उचलली, पण हिशेब उलटा केला. त्यांनी हेलिकॉप्टरच्या अंगावर अंतराळकुपीच्या छोट्या आकृत्या रंगवल्या, परत आणलेल्या प्रत्येक मोहिमेची एक. तीच जागा, तीच मोजण्याची रीत. मोजले काय, ते मात्र नेमके उलटे.

अपोलो-११ चे परतणे जगभर दूरचित्रवाणीवर दिसले आणि ६६ हा आकडा घराघरात पोचला. त्याच वर्षी जर्मनीत मानुएला या गायिकेचे या हेलिकॉप्टरवर एक गाणे निघाले. इंग्लंडच्या डिंकी कंपनीने अंतराळकुपी उचलणाऱ्या सी किंगचे खेळणे बाजारात आणले.

आता गंमत पाहा. नौदलाने तुकड्यांचे क्रमांक तीन आकडी करायचे ठरवले आणि ६६ चा झाला ७४०. पण लोकांना तर ६६ च ओळखीचा! मग मोहीम आली की ७४० खोडून ६६ रंगवायचे, आणि काम झाले की पुन्हा ७४०, असे सुरू झाले. म्हणजे अधिकृत आकडा हळूहळू मानाचे चित्र बनला आणि नियमाने रद्द झाल्यावरही उरला. कारकुनी क्रमांकाची झूल झाली.

पुढची गोष्ट दुःखाची आहे. ४ जून १९७५ रोजी सरावासाठी जाताना हे हेलिकॉप्टर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात कोसळले, आणि त्यात त्याच्या वैमानिकाचा मृत्यू झाला. पाच मोहिमांच्या अंतराळवीरांना पाण्यातून वर काढणारे यंत्र स्वतः सुमारे दीड किलोमीटर खोल पाण्यात गेले. ते आजही तिथेच आहे.

तरीसुद्धा आज कोणी कॅलिफोर्नियात गेले, तर अलामीडाच्या 'हॉर्नेट' या संग्रहालय-जहाजावर ६६ क्रमांकाचे सी किंग उभे दिसते. सान डिएगोच्या 'मिडवे' या जहाजावरही एक ६६ दिसते. दोन्ही खरीखुरी सी किंग हेलिकॉप्टरे आहेत, पण दोन्हींपैकी एकही ६६ नव्हे. ती नंतर तशी रंगवलेली आहेत. यात फसवणुकीचा हेतू नाही, आठवण जपण्याचा आहे. पण शंभर वर्षांनी एखाद्या संशोधकाच्या हाती फक्त या दोघांची छायाचित्रे लागली, तर तो लिहून मोकळा होईल की अपोलोचे हेलिकॉप्टर बुडाले नव्हते, किंवा ती दोन होती! अशा वेळी काय करायचे? यंत्राच्या सांगाड्याला नौदलाने दिलेला कायमचा नोंदणी क्रमांक पाहायचा. खऱ्या ६६ चा तो क्रमांक १५२७११. रंग बदलतो, हा बदलत नाही. कानातला बिल्ला बैलाच्या सौंदर्यात भर घालत नाही, पण बैल हरवला तर तोच कामाला येतो. इतिहासाला झूल आणि बिल्ला दोन्ही लागतात, ते याच कारणाने.

कुठे रंगवायचे, कुठे नाही

अशी चित्रे बहुधा नाकाडावर, दारावर किंवा बाजूच्या पत्र्यावर असतात. पात्यांवर का नसतात? यामागे अकरावीतले साधे भौतिकशास्त्र आहे.

आपल्याकडच्या चेतक हेलिकॉप्टरचेच उदाहरण घेऊ. त्याच्या मुख्य भोवऱ्याचा व्यास ११ मीटरच्या आसपास, म्हणजे त्रिज्या साडेपाच मीटर. तो मिनिटाला सुमारे ३५० फेरे घेतो, म्हणजे कोनीय वेग सेकंदाला सुमारे ३६.६ रेडियन. टोकाशी लागणारे केंद्रगामी त्वरण म्हणजे कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या. ते येते दर वर्ग सेकंदाला सुमारे ७,४०० मीटर, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या साडेसातशे पट! एखाद्या हौशी चित्रकाराने तीनपैकी एकाच पात्याच्या टोकाला फक्त दहा ग्रॅम रंगाचे फूल काढले, तर फिरताना ते फूल साडेसात किलो वजन लोंबकळावे तसे पात्याला बाहेर ओढील, आणि हा ओढा सेकंदाला जवळजवळ सहा वेळा दिशा बदलेल. सगळे हेलिकॉप्टर थरथरू लागेल. म्हणून पात्यांवरचे पट्टे कारखान्यात मोजूनमापून रंगवतात आणि नंतर पात्यांचा तोल पुन्हा जुळवतात. अंगावरच्या पत्र्याचा मात्र भोवऱ्याच्या तोलाशी संबंध नाही. कलेला तिथे जागा मिळते.

दुसरा प्रश्न रंगाचा. दिवसाच्या उजेडात माणसाच्या डोळ्याला पिवळट हिरवा प्रकाश, तरंगलांबी सुमारे ५५५ नॅनोमीटर, सर्वांत तेज दिसतो. ब्रिटिश हवाई दलाची शोध-बचाव हेलिकॉप्टरे म्हणूनच ठसठशीत पिवळी असत (२०१५ साली त्यांचे काम खासगी संस्थेकडे गेले). पण उजेड कमी झाला की डोळ्यातल्या शंकुपेशी मागे पडतात आणि दंडपेशी काम हाती घेतात. दंडपेशींची कमाल संवेदना सुमारे ५०७ नॅनोमीटरला, निळसर हिरव्या रंगाला असते. लाल रंग त्यांना जवळजवळ दिसतच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये याने हा प्रकार फुलांवरून ओळखला. संध्याकाळी अंगणातले जास्वंद काळे पडत जाते आणि भोवतीची पाने अजून दिसत राहतात, ते याचमुळे. म्हणजे सारंगचा लाल रंग भर उन्हात उठून दिसेल, पण सांज झाली की पिवळ्या हेलिकॉप्टराइतका उपयोगाचा राहणार नाही. वाचवायला येणारा दिसावा की लपावा, आणि दिसायचा तर किती वाजता, यावर रंग ठरतो.

आपल्याकडचा मोर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भारतीय सैन्यदलांत तुकड्यांची बोधचिन्हे आणि ब्रीदवाक्ये रीतसर मंजूर होतात. हेलिकॉप्टरांवर वायुदलाचे किंवा नौदलाचे चिन्ह आणि क्रमांक असतात. मनाप्रमाणे चित्रे काढण्याला वाव कमी. पण हौस दुसऱ्या वाटेने बाहेर पडते, ती नावांतून. फ्रेंच 'अल्युएत' हेलिकॉप्टर १९६५ पासून बंगळुरूला बनू लागले आणि त्याचे 'चेतक' झाले. हळदीघाटच्या लढाईत जखमी पायाने राणा प्रतापांना बाहेर काढणारा तो घोडा! माणसाला वाचवून नेणाऱ्या यंत्राला याहून चांगले नाव सापडणे कठीण. नौदलाच्या चेतक उडवणाऱ्या ३२१ क्रमांकाच्या तुकडीचे नाव आहे 'एंजल्स', म्हणजे देवदूत.

'सारंग' पथक २००३ साली बंगळुरूला उभे राहिले आणि फेब्रुवारी २००४ मध्ये सिंगापूरला त्याने पहिली जाहीर प्रात्यक्षिके केली. सारंग म्हणजे मोर. हे चित्र अर्थातच अधिकृत आहे. पण २०१३ चा उत्तराखंडचा महापूर, २०१७ चे ओखी वादळ आणि २०१८ चा केरळचा पूर अशा प्रत्येक वेळी हे पथक कसरती बाजूला ठेवून मदतकार्याला गेले. पुरात शत्रू नसतो, लपायचे कोणापासून? उलट, छपरावर बसलेल्या माणसाला दुरून लाल रंग दिसला तर त्याला धीरच येतो. कसरतींसाठी काढलेल्या मोराला पुरात आपोआप दुसरा अर्थ मिळाला. त्या मुलीच्या बाईंना माझे उत्तर हे.

केरळच्या त्याच पुरात एक अनपेक्षित गोष्ट घडली. १७ ऑगस्ट २०१८ रोजी कमांडर विजय वर्मा यांच्या नौदल हेलिकॉप्टरने कोचीजवळच्या एका घराच्या गच्चीवरून दोन महिलांना उचलले. थोड्या दिवसांनी त्या गच्चीवर पांढऱ्या रंगात, आकाशातून वाचता येईल एवढ्या मोठ्या इंग्रजी अक्षरांत, 'थँक्स' असे लिहिलेले आढळले. आतापर्यंत आपण यंत्रावरची चित्रे पाहिली. हे यंत्राला जमिनीवरून आलेले उत्तर होते.

बहुतेक सुटका मात्र अशा खुणांवाचूनच होतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईजवळ 'गाल कन्स्ट्रक्टर' या बार्जवर १३७ माणसे अडकली होती. नौदल व तटरक्षक दलाची हेलिकॉप्टरे आणि मदतनौका यांनी त्या सगळ्यांना सुखरूप काढले. त्या वादळात कुलाब्याच्या 'शिक्रा' तळावरून उडालेली नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरे म्हणजे अपोलोच्या ६६ ची भावंडेच. पण त्यांच्या करड्या अंगावर १३७ आकृत्या कोणी रंगवल्या नाहीत. आणि कधीकधी हिशेब उलटही होतो. २५ जून २०१३ रोजी उत्तराखंडात गौरीकुंडजवळ मदतकार्यावरचे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळले आणि २० जण मृत्युमुखी पडले. त्यात वायुदल, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि भारत-तिबेट सीमा पोलीस यांचे जवान होते. त्याची खूण कोणत्या यंत्रावर रंगवणार?

वर्डीची झोळी

शेवटी पुन्हा खानदेशात येऊ. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरहून उडालेले एक शिकाऊ विमान चोपडा तालुक्यातल्या वर्डी शिवारात, सातपुड्याच्या जंगलात कोसळले. शिकवणारा वैमानिक जागीच गेला. शिकणारी तरुणी गंभीर जखमी होती. तिथे गाडी जाईल असा रस्ता नव्हता. आसपासच्या आदिवासी वस्तीतली माणसे धावली. एका बाईने आपली साडी दिली, तिची झोळी बांबूला बांधली, आणि चिखलातून, नाल्यांतून त्या मुलीला खांद्यावरून खाली आणले. ती वाचली.

त्या झोळीवर रेडक्रॉस नव्हता, हिरवी पावले नव्हती, मोर नव्हता. होती ती साडीचीच नक्षी. ही गोष्ट वर्तमानपत्रांत आली म्हणून आपल्याला ठाऊक आहे. न आलेल्या किती असतील? पत्र्यावरचे चित्र पुढच्या रंगकामात जाते, साडी धुतली की डाग जातात. मागे उरते ते कोणीतरी लिहून ठेवलेले.

म्हणून वर्गासाठी तीन कामे सुचवतो. पहिले, विज्ञानाचे: लाल, पिवळा, हिरवा आणि निळा असे चार कार्डकागद शाळेच्या भिंतीवर लावा, सूर्यास्तापासून दर पाच मिनिटांनी कोणता किती अंतरावरून ओळखू येतो त्याची नोंद करा, आणि लाल कधी हरवतो ते पाहा. दुसरे, इतिहासाचे: महामार्गावरच्या दहा ट्रकांवरची चित्रे वहीत उतरवून घ्या. प्रत्येकाच्या नोंदीत नंबर, तारीख, ठिकाण, आणि चित्र कोणी, का काढून घेतले हे ड्रायव्हरकाकांना विचारून लिहा. प्रत्यक्ष पाहिलेले एका रकान्यात आणि सांगितलेले दुसऱ्या रकान्यात. हे दोन रकाने वेगळे ठेवता आले, की इतिहासाची पद्धत निम्मी शिकून झाली.

तिसरे काम गावातच करायचे आहे. आपल्या गावात पुरातून, विहिरीतून किंवा आगीतून कोणाला तरी कोणी तरी वाचवल्याची आठवण असतेच. वाचवणाऱ्याला आणि वाचलेल्याला, दोघांनाही भेटा. नाव, दिवस आणि जागा विचारून ते वहीत लिहून ठेवा.